फोटोत न येणारा उतार

पणजीच्या फोंताइन्हासचा फोटो तुम्ही पाहिलेला आहे. नाव माहीत नसेल, तरी पाहिलेला आहे. निळी किंवा पिवळी भिंत, पांढऱ्या पट्टीने आखलेली खिडकी, बाजूला बोगनवेल, समोर टोपी घातलेली मुलगी, मान जराशी वळवलेली. फोन उभा धरलेला, म्हणून फोटोही उभा. त्या उभ्या चौकटीत एक दार, एक खिडकी आणि एक माणूस एवढंच मावतं. रस्ता मावत नाही, शेजारचं घर मावत नाही, मागची टेकडी तर नाहीच नाही. गेल्या काही वर्षांत या वस्तीची जी ओळख झाली आहे ती अशी एका भिंतीएवढी आहे. माझी तक्रार अशी, की इथल्या वास्तूत बघण्यासारखं जे काही आहे त्यात त्या भिंतीचा नंबर बराच खाली लागतो.

फोटोखालची वाक्यंही ठरलेली असतात. 'भारतातलं पोर्तुगाल'. 'वेळ इथे थांबलाय'. 'युनेस्को हेरिटेज'. शेवटच्याचा निकाल आधी लावून टाकू. गोव्यातलं जागतिक वारसा यादीत असलेलं ठिकाण म्हणजे ओल्ड गोव्याची चर्चेस आणि कॉन्व्हेंट्स, त्यांचा समावेश १९८६ साली झाला. ओल्ड गोवा इथून नऊ-दहा किलोमीटरवर आहे. फोंताइन्हास त्या यादीत नाही. तरीही हे बिरुद एका रीलमधून दुसऱ्या रीलमध्ये, एका टूर गाइडकडून दुसऱ्याकडे निवांत फिरतंय. कारण त्याने काम भागतं: सुंदर का, हे सांगावं लागत नाही, कुणीतरी मोठ्या माणसाने सुंदर म्हटलंय एवढं पुरतं.

मग सुंदर का, याचं उत्तर शोधायला नावापासून सुरुवात करावी. पोर्तुगीजमध्ये 'फोंत' म्हणजे झरा, आणि फोंताइन्हास (उच्चार 'फोंताइन्यश'च्या जवळ जाणारा) म्हणजे छोटे झरे. वस्तीच्या पश्चिमेला आल्तिन्योची टेकडी आहे, पूर्वेला ओरेंची खाडी. टेकडी जांभ्याची. जांभा सच्छिद्र दगड, पावसाचं पाणी पिऊन घेतो. ते पाणी आत उतरत जातं, खाली चिकणमातीचा थर लागला की अडतं आणि टेकडीच्या पायथ्याशी बाहेर पडतं. कोकणातल्या ज्यांच्या गावी सड्याखाली बारमाही झरा आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. इथला मुख्य झरा म्हणजे 'फोंत फेनिक्स', शेजारच्या मळा भागातला. मळा हे नावही लक्षात घ्या. अठराव्या शतकाच्या अखेरीस ही जागा माडांची बाग होती. तिचा मालक आंतोनियो ज्योआंव द सिकेर हा मोझांबिकमध्ये पैसा कमावून परतलेला गोवेकर. लोक त्याला 'मोस्मिकार' म्हणत, म्हणजे मोझांबिकवाला. दुबईहून आलेल्याला आपण 'दुबईवाला' म्हणतो तसंच. त्या काळच्या मोझांबिकच्या व्यापारात हस्तिदंत होतं आणि गुलामही होते. ही माहिती सेल्फी पॉइंटच्या पाटीवर सापडत नाही.

तर पाणी आधी, घरं नंतर. लिस्बनमध्ये आल्फामा नावाची अशीच टेकडीच्या उतारावरची जुनी वस्ती आहे, १७५५च्या भूकंपातून बऱ्याच अंशी वाचलेली. तिचं नाव अरबी 'अल-हम्मा'वरून आलेलं, म्हणजे गरम पाण्याचे झरे. दोन्ही वस्त्यांची नावं पाण्यावरून पडावीत यात गूढ काही नाही. नळ नव्हते तेव्हा माणसं डोंगराखाली, पाण्याशेजारी राहत. आल्फामाशी फोंताइन्हासचं खरं साम्य इथे आहे. टाइल्स आणि बाल्कन्या त्यानंतरच्या.

व्हाइसरॉयचं निवासस्थान १७५९ साली ओल्ड गोव्याच्या परिसरातून पणजीला, आदिलशहाच्या जुन्या राजवाड्यात आलं. ओल्ड गोवा साथींनी पोखरलेलं, ओसाड पडत चाललेलं शहर होतं. १८४३ साली पणजी अधिकृतपणे राजधानी झाली. दरम्यान १८२६ ते १८३५ या काळात राज्यकारभार पाहणाऱ्या मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रुने दलदली बुजवून, सरळ रस्ते आखून शहराचा मधला भाग घडवला. आजही चर्चच्या चौकातून मांडवीकडे चालत गेलात तर ती फूटपट्टी जाणवते: काटकोन, सरळ रेषा, रुंद रस्ते. फोंताइन्हासमध्ये शिरलात की फूटपट्टी संपते. रस्ते टेकडीच्या पायथ्याशी समांतर, दक्षिणोत्तर, उताराच्या वळणाने जातात. त्यांना जोडणाऱ्या आडव्या गल्ल्या अरुंद आणि आखूड, आणि त्यातल्या काही थेट पायऱ्यांवर जाऊन संपतात.

या वस्तीचं वास्तुशास्त्र कळायचं तर एकच करा: एका घराचा जोता नीट बघा. खालच्या अंगाच्या घरांचं दार जवळजवळ रस्त्याच्या पातळीवर असतं. टेकडीकडच्या अंगाला मात्र चार-सहा पायऱ्या चढाव्या लागतात, कारण घर उतारावर बसलंय आणि त्याच्या पाठीला जांभ्याची भिंत टेकडीला धरून आहे. रस्ता चढतो तसे शेजारशेजारच्या घरांचे जोते कमी-जास्त होतात, आणि त्यामुळे खिडक्यांच्या रांगा, छज्जे, कौलांच्या कडा, काहीच एका रेषेत येत नाही. डोळ्यांना जी 'गंमत' वाटते ती याची. कुणी कलाकाराने मांडलेली रचना नाही ही. प्रत्येक घराने आपापला उतार आपापल्या पायऱ्यांनी सोडवलाय, आणि तरी सगळ्यांची मापं एकाच हातातली आहेत: एक किंवा दोन मजले, सामाईक भिंती, रस्त्याला लागून दार. गावाकडे मोठ्या भाटकारांची जी ऐसपैस घरं आहेत, दर्शनी भागातच वीस-वीस खिडक्या असलेली, तशी इथे नाहीत. ही शहरातल्या बेताच्या ऐपतीची घरं आहेत. मला त्यांचं हेच आवडतं. मोठ्या वाड्याचं सौंदर्य बहुतेक वेळा जमिनीच्या मालकीचं सौंदर्य असतं. इथे जागा नव्हती, तेव्हा बाल्कनी जेमतेम दोन खुर्च्यांची झाली. तीही रस्त्यावर काढली, कारण घरात हवा यायला दुसरी दिशाच नव्हती.

पुण्या-साताऱ्याकडचा वाडा आठवा. बाहेरून कोरी भिंत, एक भक्कम दार, आणि सगळं आयुष्य आतल्या चौकात. गोव्यातलं जुनं हिंदू घरही त्याच स्वभावाचं, मधोमध राजांगण आणि त्यात तुळस. गोव्यातल्या ख्रिस्ती घराने तोंड फिरवलं. मोठ्या खिडक्या रस्त्याकडे, दाराशी बसायला 'बाल्कांव', म्हणजे आपल्या ओट्याचाच जरा नटलेला भाऊ. फोंताइन्हासमध्ये ओट्यालाही जागा कमी, म्हणून तो उचलून पहिल्या मजल्यावर लोखंडी कठड्यात नेला. पण इथे 'ख्रिस्ती घर' आणि 'हिंदू घर' असे शिक्के मारून मोकळं होता येत नाही. याच वस्तीत मधोमध चौक असलेलं एका हिंदू कुटुंबाचं जुनं घरही आहे, सध्या तिथे हॉटेल चालतं. बाहेरून गल्लीसारखं, आतून वाड्यासारखं. दोन स्वभाव एका भिंतीच्या दोन बाजूंना.

आता ती भिंत, कारण तुम्ही तिच्यासाठीच आला आहात.

भिंत जांभ्याच्या चिऱ्यांची आहे. रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्यात लागतो तोच चिरा. त्यावर चुन्याचा गिलावा, आणि चुना बऱ्याचदा समुद्रातले शिंपले भाजून केलेला. खिडकीलाही शिंपला: काच महाग होती तेव्हा एका जातीच्या चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्याचे छोटे चौकोन कापून लाकडी चौकटीत बसवत. त्यातून प्रकाश येतो पण दिसत काही नाही. दुपारच्या उन्हाचा चटका जाऊन दुधासारखा उजेड उरतो. बाहेरून फोटो काढणाऱ्याला ती खिडकी मळकट, करडी दिसते, त्याला वाटतं बंद पडलीय. तिचं काम आतल्या माणसासाठी आहे. वर कौलं. १८६५ साली बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि पुढच्या काही दशकांत पश्चिम किनाऱ्याची छपरं बदलली. त्यामुळे ज्या छपराला आपण 'पोर्तुगीज' म्हणतो, ते बऱ्याचदा जर्मन-स्विस मिशनऱ्यांनी कानडी मुलखात काढलेल्या कारखान्याच्या साच्यातलं असतं. त्याआधीची नळीची कौलं काही घरांवर अजून आहेत.

रंगाबद्दल एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते: पांढरा रंग फक्त चर्चसाठी राखीव होता, बाकीच्यांनी घर रंगवायलाच हवं असा पोर्तुगीज काळचा दंडक होता, आणि दर पावसाळ्यानंतर ते पुन्हा रंगवावं लागे. असेल. पण दंडकाशिवायही या रंगांचं स्पष्टीकरण होतं. चुन्यात मिसळून टिकतील असे रंग मोजकेच: पिवळी माती, गेरू, नीळ. याच चुन्यात आणि गेरूत गोव्याच्या आणि कोकणाच्या देवळांवर कावी चित्रं निघाली. म्हणजे गल्लीभर रंगांचा जो मेळ दिसतो तो कुठल्या डिझायनरच्या पॅलेटमधून आलेला नाही, बाजारात मिळणाऱ्या तीन-चार पुड्यांमधून आलाय. आणि दरवर्षी रंगवावं लागणं ही हौस नव्हती. पणजीत वर्षाला जवळपास ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. चुन्याचा हात पावसात झिजतो आणि झिजायलाच हवा. जांभा पाणी पितो, चुना ते पाणी बाहेर सोडतो, ऊन पडलं की भिंत वाळते.

इथे टीका करावी अशी खरी गोष्ट सुरू होते. त्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा आणि वर प्लास्टिक इमल्शनचा चकचकीत रंग दिला, की पाणी आत अडकतं. वर्ष-दोन वर्षं भिंत फोटोत झकास दिसते, रंग पूर्वी कधी नव्हता इतका निळा असतो. मग पोपडे धरतात, आतला दगड भुसभुशीत होतो, ओल कौलापर्यंत चढते. फोंताइन्हासमध्ये डोळ्यांत भरणारे सगळ्यात गडद रंग पाहिलेत तर त्यातले पुष्कळ असे नवे आहेत. फिकट, डागाळलेली, कोपऱ्यात शेवाळ धरलेली भिंत तिच्या शेजारी दरिद्री दिसते, पण बऱ्याचदा जिवंत भिंत तीच. कॅमेरा याच्या नेमकं उलट निवड करतो. गडद रंगाला जास्त लाइक मिळतात, गडद रंगाच्या घरापुढे गर्दी होते, मग ज्या घरात कॅफे किंवा होमस्टे काढायचा ते आणखी गडद रंगतं. आपल्या अंगठ्याच्या हालचालीने इमारतीचा गिलावा बदलतोय. हे मी रूपक म्हणून लिहीत नाही.

'भारतातलं पोर्तुगाल' या वाक्याचं काय करायचं? वास्तुइतिहासकार पावलु व्हारेला गोमिश यांनी गोव्यातल्या चर्चवास्तूंवर २०११ साली 'व्हाइटवॉश, रेड स्टोन' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यात त्यांचं म्हणणं असं, की या वास्तूंना पोर्तुगीज नमुन्याची वसाहतीतली नक्कल समजणं चूक आहे. त्या गोव्याच्या आहेत, इथल्या समाजाने स्वतःसाठी घडवलेल्या. घरांनाही हे लागू पडतं. कमानीचा आकार, दाराच्या चौकटीची पट्टी, लोखंडी जाळीची नक्षी यात लिस्बनची फॅशन दिसते. पण चिरा इथला, चुना इथला, पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात म्हणून कौलांची वळचण पुढे काढण्याची अक्कल इथल्या पावसाची, आणि गवंडी इथलेच. कोंबडा मात्र पाहुणा. बार्सेलुशचा कोंबडा हे पोर्तुगालचं लाडकं चिन्ह, आणि घरांच्या छपरांवर, टाइल्सवर, विहिरीच्या कठड्यावर तो आता इतका दिसतो की जुना किती आणि दुकानातला किती हे ओळखणं कठीण झालंय. 'आझुलेजु' म्हणजे निळ्या-पांढऱ्या टाइल्सच्या घरपाट्यांचंही तसंच. त्या सुंदर असतात, आणि त्यातल्या बऱ्याच माझ्यापेक्षा वयाने लहान असतात.

पोर्तुगालची आठवण कुठे खरोखर सापडते ते सांगतो. वस्तीतल्या मुख्य रस्त्याचं नाव 'रुआ त्रिंता इ उं द जानेरु', ३१ जानेवारी रस्ता. पर्यटकांना सांगतात, ही पोर्तुगाल स्पेनपासून स्वतंत्र झाल्याची तारीख. ती तारीख १ डिसेंबर १६४०. ३१ जानेवारी १८९१ या दिवशी पोर्तु शहरात राजेशाहीविरुद्ध पहिला प्रजासत्ताकवादी उठाव झाला. तो फसला, पण १९१० साली पोर्तुगाल प्रजासत्ताक झालं तेव्हा त्या दिवसाला मान मिळाला आणि पोर्तुगालभर रस्त्यांना तो दिवस नाव म्हणून दिला गेला. गोव्यातल्या हिंदूंच्या दृष्टीने ते १९१० फार मोठं. चर्च आणि राज्य वेगळं झालं, शिक्षण-नोकरीत बरोबरीची दारं उघडली. म्हणजे 'पोर्तुगीज मोहक गल्ली' म्हणून जिथे रील काढतात त्या रस्त्याचं नाव राजाविरुद्धच्या बंडाचं आहे. चालत दहा-पंधरा मिनिटांवर १८ जून रस्ता आहे. त्याचं नाव १८ जून १९४६चं, राममनोहर लोहियांनी मडगावात सभाबंदी मोडली त्या दिवसाचं. एका छोट्या शहरात दोन बंडांच्या दोन तारखा, आणि मधे आपण दोन्हीकडे शॉपिंग करतोय.

टोकाला सेंट सेबास्तियनचं चॅपेल. चौक इवलासा, चॅपेल पांढरं, बाहेर विहीर, आणि दुपारी दोनला सगळं चिडीचूप. आतला क्रूस पाहिल्याशिवाय या चौकाला गोंडस म्हणू नये. हा क्रूस ओल्ड गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या वाड्यातला. क्रूसावरच्या ख्रिस्ताचे डोळे एरवी मिटलेले असतात, याचे उघडे आहेत. चौकशीला आणलेल्या माणसावर त्या नजरेचा काय परिणाम होत असेल, हे आपल्या आपण समजून घ्यायचं. १८१२ साली इन्क्विझिशन कायमचं बंद झालं तेव्हा तो पणजीच्या राजवाड्यातल्या चॅपेलमध्ये आला, आणि १९१८ साली इथे. शंभरेक वर्षं तो या शांत गल्लीच्या टोकाशी डोळे उघडे ठेवून आहे. 'वेळ इथे थांबलाय' असं ज्यांना वाटतं त्यांनी आत पाच मिनिटं बसून यावं.

आणि चॅपेलकडून मळ्याच्या दिशेला चालत गेलात की टेकडीवर, पायऱ्यांच्या वर, मारुतीचं देऊळ दिसतं, शेंदरी-केशरी. त्या भागाला मारुतीगड म्हणतात. जत्रेला सगळा उतार दिव्यांनी उजळतो. फोंताइन्हासच्या 'लॅटिन क्वार्टर' फोटोंत हे देऊळ कधीही नसतं, फ्रेम त्याच्या आधी कापलेली असते. टेकडी तीच आहे, झरा तोच आहे, उतार तोच आहे. आपण पाहतो ती 'युरोपियन' वस्ती ही बऱ्याच प्रमाणात क्रॉपिंगची कमाल आहे.

इतकं सगळं असूनही या वस्तीला धोका कसला? पाडापाडीचा नाही, निदान पहिला तो नाही. शहराच्या नियोजनात हे संवर्धन क्षेत्र आहे, दर्शनी भाग बदलायचा तर परवानगी लागते. धोका दाराच्या आत आहे. गोव्यात वारशाला १८६७च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेची परंपरा लागू आहे, आता ती २०१२च्या वारसा कायद्यात आलीय. मुलगे आणि मुली यांना समान वाटा, आणि अर्धी मालमत्ता मृत्युपत्रानेही वारसांच्या हातून काढता येत नाही. स्त्रियांच्या हक्कांच्या बाबतीत हा कायदा बाकी देशाच्या बराच पुढे होता, त्याबद्दल मला कौतुकच आहे. पण तीन पिढ्यांनंतर एका तीन खोल्यांच्या घराचे वाटेकरी पणजीत, मुंबईत, लिस्बनमध्ये आणि टोरंटोत असतात. कौल फुटलं तर खर्च कुणी करायचा? सह्या कुणाच्या घ्यायच्या? काही घरांत जुने भाडेकरू आहेत, १९६८च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या संरक्षणात. त्यांचं भाडं इतकं कमी की मालक डागडुजी करत नाही, आणि घर आपलं नाही म्हणून भाडेकरूही करत नाही. कुणालाच दोष देता येऊ नये अशी ही अडचण आहे. पावसाला मात्र वाटणीपत्र लागत नाही. एका जूनमध्ये कौल सरकतं, पुढच्या जूनमध्ये वासा कुजतो, तिसऱ्या जूनमध्ये छप्पर आत बसतं. दर्शनी भिंत उभीच असते. तिचे फोटो तेव्हाही निघतात, 'व्हिंटेज' म्हणून.

या कोंडीतून ज्या घरांची सुटका होते ती बहुतेक एकाच दाराने: होमस्टे, बुटिक हॉटेल, कॅफे. हे वाईटच, असं म्हणणं सोपं आहे आणि अप्रामाणिक आहे. त्या पैशाने छपरं वाचली आहेत. चार्ल्स कोरिया फाउंडेशनचं कार्यालय याच वस्तीत, चॅपेलच्या चौकातल्या एका घरात आहे. फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेच्या इथल्या घरात आंतोनियो शावियेर त्रिंदाद (१८७०–१९३५) यांच्या चित्रांचा संग्रह आहे. त्रिंदाद गोव्याचे, शिकले आणि पुढे शिकवायला लागले ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये. त्यांची पोर्ट्रेट्स बघायला मुंबईहून येणाऱ्या मराठी पर्यटकांपैकी फार थोडे आत शिरतात, बाहेरच्या भिंतीवर मात्र फोटोसाठी रांग लागते. घराचा वापर बदलला म्हणजे घर मेलंच असं नाही. पण रस्त्यावरच्या दहापैकी किती घरांत रात्री स्वयंपाक होतो, हा प्रश्न विचारावा लागतो. लिस्बनच्या नगरपालिकेला तो विचारावा लागला. आल्फामा आणि मोरारियासारख्या वस्त्यांत पर्यटकांना भाड्याने द्यायच्या घरांचे नवे परवाने २०१८ साली थांबवण्यात आले, कारण राहणारी माणसंच कमी होत चालली होती. 'अगदी लिस्बनसारखं' असं फोंताइन्हासबद्दल म्हणायचं असेल तर आज ते या अर्थाने म्हणता येईल.

राहणाऱ्यांनी आपल्यापुरता उपाय काढला आहे. काही दारांवर पाट्या आहेत: हे राहतं घर आहे, पायऱ्यांवर बसू नका, फोटोशूट करू नका. पर्यटक त्या पाट्यांवर रागावतात. काही जण पाटीचाच फोटो काढतात. प्री-वेडिंगचा ताफा आला की कपडे बदलायला कुठेतरी आडोसा लागतो, आणि आडोसा म्हणजे कुणाचा तरी जिना असतो. पाटी लावणारी बाई उद्धट नाही. तिच्या घराची रचनाच अशी आहे की खिडकी थेट रस्त्यावर उघडते. ज्या काळी रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण ओळखीचा होता त्या काळची ती खिडकी आहे. दोनशे अनोळखी माणसं रोज त्या खिडकीत डोकावायला लागली तर ती बंद करण्यावाचून दुसरा इलाज वास्तूत नाही. आणि ती बंद झाली की जिला आपण भुललो ती रस्त्याकडे तोंड केलेली घराची तऱ्हाच संपली, मग भिंत कितीही निळी असो.

याहून वेगळं काही करता येतं, हे इथेच एकदा करून दाखवलं गेलंय. या शतकाच्या सुरुवातीच्या काही वर्षांत गोवा हेरिटेज अॅक्शन ग्रुप या संस्थेने इथे कला महोत्सव भरवला होता. कल्पना साधी: वस्तीतल्या घरांच्या बैठकीच्या खोल्या थोड्या दिवसांसाठी चित्रदालन व्हायच्या. चित्र बघायचं तर पायऱ्या चढून, उंबरा ओलांडून, त्या घरातल्या माणसाला नमस्कार करून आत जावं लागे. आत गेलं की शिंपल्याच्या खिडकीतला उजेड भिंतीवर कसा पडतो ते कळे, छताचे वासे दिसत, आणि मागच्या दारातून टेकडीची ओली भिंत. शिवाय घर नीट ठेवायला मालकाला एक कारण मिळे. पुढे महोत्सव थांबला. आता मोबाइल हातात घेऊन आपण ज्या बाजूला उभे असतो ती दाराची दुसरी बाजू.

तुम्ही पुढच्या वेळी गेलात, तर पावसात जा. जुलैतल्या मंगळवारी सकाळी, जेव्हा प्रकाश फोटोच्या लायकीचा नसतो. मळ्याकडून सुरुवात करा, म्हणजे आधी झरा लागेल. मग कुठल्याही गल्लीच्या वरच्या टोकाला उभं राहून पाणी कसं उतरतं ते बघा: कौलांवरून वळचणीला, वळचणीतून पायरीच्या कडेच्या गटारात, गटारातून खालच्या रस्त्याला, आणि तिथून ओरेंच्या खाडीत. खाडीला भरती असेल तर ते पाणी तिथे अडतं आणि खालच्या घरांच्या उंबऱ्यापर्यंत चढतं. मग खालच्या अंगाचे लोक बादल्या घेऊन बाहेर येतात, आणि वरच्या अंगाचे बाल्कनीतून विचारतात, अजून किती आहे म्हणून.